कोंडीचं पाणी कोणी भरलं

सेलू
सोमवार, ३० मे १९९४

प्रिय कस्तुरा,

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलं आहे. आधीची तीन चुलीत गेली. पहिलं फार शहाणपणाचं झालं, दुसरं फार रडकं, आणि तिसऱ्यात दोन पानं नुसती उन्हाचीच तक्रार होती. ऊनही तसंच आहे म्हणा. लाईट सकाळीच गेली, पंखा बंद, आणि मी या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारते आहे. आमचे हे, राधाकिशन, इथल्या जिनिंगमध्ये कारकून आहेत; जेवायला आले तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं की काही हरवलंय का. हरवलंय म्हटलं, सापडलं की सांगते. ओट्याखाली ओल्या पोत्यात गुंडाळून सलाईनची एक बाटली ठेवली आहे. गळ्यापर्यंत भरलेली, आत हवेचा बुडबुडासुद्धा नाही, वर रबरी बूच. काल आपल्या गावी जाऊन, ओढा जिथे अडून साचतो त्या कोंडीतून, ती भरून आणली. ती तुझ्याकडे पोचायला हवी, आणि पाऊस पडायच्या आत भरलेली आहे असं तुझ्या कागदावर यायला हवं, नाहीतर येत्या रविवारी गावात एक गोष्ट अशी होऊन बसेल की पुन्हा फिरवता येणार नाही. मृग आठ दिवसांवर आला. सारा मुलूख पावसाकडे डोळे लावून बसला आहे आणि मी एकटीच बाई तो जरा लांबावा म्हणून अंगणात जाऊन जाऊन आभाळ बघते आहे.

तू तिथे आहेस हे मला कसं कळलं, ते आधी सांगते. याच महिन्याच्या बारा तारखेला परभणीच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मी एक बाटली पाठवली होती. आठवड्याने ती नेणाऱ्या शिक्षकांच्याच हाती जशीच्या तशी परत आली. सोबत चिठ्ठी, खाली सही नुसती ‘क. सि.’ अशी. क. सि. कुणीही असू शकतं. पण चिठ्ठीतला दुसराच शब्द होता ‘मिळाला’, आणि त्यातला तो ळ. पोटाशी गाठ मारलेला. त्या ळसाठी मुंजाजी सरांनी तुला किती वेळा वही परत लिहायला लावली, आणि तू दर वेळी पुन्हा गाठ मारून आणलीस. कस्तुरा सिताराम, सोळा वर्षांनी तुझा ळ हातात घेऊन मी सुट्टीतल्या रिकाम्या शाळेच्या ओसरीवर किती वेळ बसले ते शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा कळलं. चिठ्ठीत तू पुढे काय लिहिलं होतंस, त्यावर नंतर येते. त्यावरच यायचं आहे, म्हणून तर इकडचं तिकडचं सांगते आहे.

तर इकडचं. मी इथे एका शाळेत विज्ञान शिकवते. हस खुशाल. विज्ञानात पहिली तू होतीस आणि मी तुझ्या वहीवरून उतरवणारी. रडतखडत बी.एस्सी. झाले. एक मुलगी आहे, सातवीत, माझ्यासारखीच बडबडी. माय जाऊन चार वर्षं झाली. कमलअक्का पाथरीला सुखात नांदते आहे, तीन लेकरं आहेत. दत्तरावदादा आता गावचा सरपंच आहे. आमच्या रानातली वरची विहीर अजून बारा महिने भरलेली असते. तुझी तानुआत्या ठणठणीत आहे, एवढंच की दात गेले. ती कोंडीवर धुणं धुताना भेटते. कस्तुरा शिकली, नोकरीला हाय, एवढं ती मोठ्या ऐटीत सांगते. कुठे म्हणून विचारलं की मोगरी जोरात आपटायला लागते. मीही पुन्हा विचारत नाही.

मी कोंडीवर काय करते, असं तुझ्या मनात येईलच. पाणी भरते. दोन वर्षं झाली, दर महिन्याला एक फेरी. डॉक्टरांकडून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या मागून आणते, एस.टी.ने गावी जाते, डोंगरापासून कोंडीपर्यंत ओढ्याच्या काठाने चालते आणि पाच ठिकाणी पाणी भरते. सासरी माझं नाव बाटलीवाली पडलं आहे. लोकांच्या सुना माहेराहून कुरडया-पापड आणतात, आमची बाई पाणी आणते आणि तेही खारट, असं सासूबाई शेजारणींना सांगतात. मी हसते. त्यांना काय सांगू की पाचही ठिकाणं तू निवडलेली आहेत.

आठवतं का तुला? दहावीच्या वर्षी सरांनी टीपकागदाला ओली हळद चोपडून सावलीत वाळवायला लावली होती. त्या पट्ट्या लिंबाच्या पाण्यात पिवळ्याच राहायच्या आणि साबणाच्या, चुन्याच्या पाण्यात लाल व्हायच्या. वर्गातल्या बाकीच्यांनी लिंबू आणि साबण संपवला आणि पट्ट्या फेकल्या. तू म्हणालीस, वढा तपासू. मग आपण दोघी बोरीची शाळा सुटल्यावर घरी जायचं सोडून ओढ्याकाठी. डोंगराच्या पायथ्याशी पट्टी पिवळी, आमच्या वरच्या विहिरीत पिवळी, गावाखालच्या विहिरीत पिवळी, पुढे पांढरे धोंडे लागतात तिथे तपकिरी, आणि कोंडीत बुडवली तर कुंकवासारखी लाल. मला गंमत वाटली. तुला गंमत वाटली नाही, तू काठावर बसून विचार करत राहिलीस. मग म्हणालीस की हा ओढा पूर्णेला मिळत नाही, दुधनेला मिळत नाही, चारी बाजूंनी रान चढतं आहे, तर आलेलं पाणी बाहेर जातं कुठून? फक्त वर, उन्हात. आमटी आटली की मीठ तेवढंच राहतं आणि चव खारट होते, तसं. पंधरा-सोळा वर्षांची पोर तू. हे तुझं वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगते आणि कुणाचं आहे ते सांगत नाही.

पुढे मी पुस्तकांतून तेच शिकले, जरा लांबण लावून. डोंगरावरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपतं तेव्हा पाषाण चिमटी चिमटीने विरघळतो. त्यात चुना असतो, सोडा असतो. वरच्या विहिरीत तो जिभेलाही लागत नाही. पुढे चुनखडीच्या रानातून येता येता चुना वाढतो, म्हणून गावाखालच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि सासवा सुनांच्या नावाने बोटं मोडतात. त्याच्या पुढे ऊन पाणी ओढायला लागतं. पाणी आटलं की आधी चुना खाली बसतो. धोंड्यांवरचं पांढरं पुट त्याचंच. सोडा तसा बसत नाही, तो पाण्याबरोबर कोंडीपर्यंत जातो आणि तिथे कोंडला जातो. म्हणून कोंडीत साबणाशिवाय धोतरं निघतात आणि उन्हाळ्यात काठावर फुटलेला खार बायका पापडात घालतात. आपल्याकडे पाऊस दुप्पट पडला असता तर कोंडी भरून सांडली असती, खार वाहून गेला असता. जमीन एका अंगाला पुरुषभर उतरती असती तरी तेच झालं असतं. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या ना, हा वढा नांदायला गेलाच न्हाई, म्हणून कडू झाला. त्यात कुणाच्या हाताचा काही दोष नाही, कस्तुरा. पाऊस कमी, ऊन जास्त आणि वाट बंद, एवढंच आहे ते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता रविवारचं सांगते. तुमच्या वस्तीसाठी नळयोजना मंजूर झाली आहे. विहीर कोंडीच्या काठावर खणायची, टाकी तिथेच. गेल्या सप्टेंबरात योजनेची माणसं आली, त्यांनी कोंडीचं पाणी भरून नेलं, ते पिण्यालायक ठरलं. आणि ते खोटं नव्हतं. मागच्या सप्टेंबरात माझी पट्टीसुद्धा पिवळीच राहिली, कारण कोंडी नव्या पावसाने काठोकाठ होती. दिवाळीला तीच पट्टी नारिंगी झाली, संक्रांतीला तपकिरी, होळीला लाल. आता वैशाख सरता सरता अशी लाल होते की बघवत नाही. तानुआत्याला पट्टी दाखवली तर तिने ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाली, “दिवाळीपस्तोर ते पानी मानसाचं हाय. मंग धुन्याचं.” मी दोन वर्षं बाटल्या वाहिल्या आणि म्हातारीने दोन वाक्यांत उरकलं. पण तिचं कागदावर कोण घेणार?

दुसरा उपाय साधा आहे. वरच्या विहिरीतून नळ काढला तर उतारानेच पाणी वस्तीत येईल, मोटारसुद्धा नको. पण ती विहीर दादाची, रान दादाचं, आणि खरं सांगायचं तर नळाला कुणाचा विरोध नाही, एकाच विहिरीचं पाणी गावात आणि वस्तीत दोन्हीकडे जाण्याला आहे. मार्चमध्ये मी दादाकडे विषय काढला. तो रागावलाही नाही, ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरत बसला होता, कातरतच राहिला. “ज्याची वस्ती त्याची हीर. त्यात वंगाळ काय हाय? तू तुजी शाळा बघ.” त्याने मला चहा पाजला आणि एस.टी.पर्यंत गडी पाठवला. पाच जूनच्या रविवारी कोंडीवर नारळ फुटणार आहे. नारळ फुटला की खोदाई, मग पाऊस, मग पाणी पुन्हा गोड, आणि दिवाळीनंतर चाळीस घरांतली लेकरं ते पिणार.

म्हणून बारा तारखेला मी ती पहिली बाटली पाठवली. आमच्या शाळेतले एक शिक्षक परभणीला चालले होते, त्यांच्या पिशवीत दिली. फॉर्मवर ठिकाण लिहिलं, तारीख लिहिली. नाव-सहीचा रकाना कोरा ठेवला. पाणीच काय ते बोलेल, माझं नाव कशाला, असं मी स्वतःला समजावलं. सरपंचाच्या बहिणीची सही कागदावर आली असती तर माझं माहेर त्याच दिवशी संपलं असतं, हे खरं कारण. आणि बाटली ठेवलेल्या डब्यात, कोण जाणे का, हळदीची एक पट्टी टाकली, कोंडीत बुडवून लाल केलेली. तिथे कोण बसलंय हे मला माहीत नव्हतं, शपथ. मला वाटतं ती पट्टी मी तुझ्यासाठी सोळा वर्षं कुठे ना कुठे टाकतच होते.

आता अक्काची हळद. इथे येऊन आधीची तीन पत्रं अडली.

वैशाख होता. पाथरीकडचं वऱ्हाड नवरदेवाची उष्टी हळद घेऊन आलं. तीच नवरीला लागायची. बैलगाडीच्या प्रवासात उन्हाने तिचा गोळा झाला होता. मायने मला घागर दिली आणि वरच्या विहिरीचं पाणी आणायला सांगितलं, हळद कालवायला. पाय भाजत होते, चढ लांब होता, आणि मला तुझ्याशी बोलायचं होतं, दहावीच्या निकालाचं, अक्काच्या दिराचं, काय काय. तू कोंडीवर धुणं धूत होतीस. आपण बसलो. किती वेळ बसलो कुणास ठाऊक. गावातून वाजंत्रीचा आवाज आला आणि मी घाबरून उठले, तिथेच काठावर घागर बुडवली. तेव्हा तू मला एक वाक्य बोललीस. ते मी आजवर कुणाजवळ उच्चारलेलं नाही, शेवटी लिहिते. भरलेली घागर मला एकटीला उचलेना म्हणून तू हात लावून ती माझ्या डोक्यावर दिलीस. पलीकडच्या अंगाला आमचे चुलते भगवानराव बैल धुवायला आले होते. त्यांनी लांबून पाहिलं.

पाच सवाष्णींनी परातीत पाणी ओतलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळी हळद लाल झाली. आधी कडेने, मग सगळी. पाथरीच्या बायकांनी हात मागे घेतले. वाजंत्री थांबली. कुणीतरी म्हणालं की हा अपशकुन आहे, वऱ्हाड माघारी न्या. अक्का पाटावर बसली होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. मी काय करायला हवं होतं ते मला त्या क्षणी लख्ख माहीत होतं. एवढंच म्हणायचं होतं की पाणी कोंडीचं आहे, मी आणलं, घरातली हळद घ्या, वरच्या विहिरीचं पाणी घ्या आणि बघा. तेवढ्यात भगवानकाका बोलले, सितारामच्या पोरीनं घागरीला हात लावलेला मी पाहिला. आणि कस्तुरा, मांडवात सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. मी पाहिलं ते. माझ्या मायलासुद्धा हायसं वाटलं. कारण सापडलं होतं ना.

तुला आणि सितारामकाकांना बोलावून आणलं. काकांनी पटका काढून जमिनीवर ठेवला. तू मांडवाच्या बाहेर उन्हात उभी होतीस, ओले हात तसेच, आणि तू रडत नव्हतीस. तू सरळ माझ्याकडे बघून बोललीस. “हळद हातानं लाल होत न्हाई, पान्यानं होती. वच्छलाला ठावं हाय. इचारा की तिला, पानी कुटलं हाय ते.” सगळा मांडव माझ्याकडे वळला. मी म्हणाले, “मला न्हाई ठावं. पानी वरच्या हिरीचं हाय.”

सितारामकाकांना मांडवामागे नेऊन काठीने मारलं. मी आत उतरंडीमागे जाऊन बसले, पण आवाज तिथेही येत होता. मग घरातली हळद कुटली, खरोखर वरच्या विहिरीचं पाणी आणलं, ती पिवळीच राहिली, आणि दिवस मावळायच्या आत लग्न लागलं. दुसऱ्या दिवसापासून वरच्या विहिरीवर तुमच्या बायकांना पाणी ओतून द्यायचंही बंद झालं. भर वैशाखात तुम्ही कोंडीचं पाणी प्यायलात. तुझ्या आजीला जुलाब लागून गाडीत घालून जिंतूरला नेल्याचं मला कळलं होतं. मी चौकशीला आले नाही.

मग जुलैच्या शेवटी विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. आपल्या गावात चार घरं जाळली, त्यातलं पहिलं तुमचं. गावाबाहेरची माणसं आली होती, नावाचं राजकारण होतं, असं गाव अजून सांगतं. असेल. पण पहिलं घर कोणतं, हे वैशाखातच आमच्या मांडवात ठरलं होतं. तुम्ही बोरीहून एस.टी.त बसलात त्या दिवशी मी दाखला काढायला शाळेत आले होते. तू खिडकीशी होतीस. तू मला पाहिलंस. मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत राहिले, गाडी निघून जाईपर्यंत. चपलेचा अंगठा तुटलेला नव्हता. या जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा तानुआत्याने कोंडीवर मला अर्धा पेढा दिला, आणि मी तो पदरात बांधायला लागले. ती म्हणाली, खा की, गोड हाय. खाल्ला मी, पण कसा खाल्ला ते माझं मला माहीत.

आता तुझी चिठ्ठी. “नमुना मिळाला. पाणी कोणी भरलं ते लिहिलेलं नाही. नावाशिवाय तपासता येत नाही. पावसाआधी पुन्हा भरून पाठवावं.” सरकारी कागदावर छापलेलं असतं ‘नमुना घेणाऱ्याचे नाव व सही’. ते तू खोडून पेनाने विचारलं आहेस, पाणी कोणी भरलं. आणि माझी लाल पट्टी टाचणीने लावून परत पाठवलीस. तुला कळलं होतं तर. सोळा वर्षांपूर्वी तू मांडवाला सांगितलंस, तिला विचारा, पाणी कुठलं. कुणी नीट विचारलं नाही. आता तूच विचारते आहेस, आणि मी पुन्हा रकाना कोरा ठेवून बसले होते. तेच पाणी, तेच माझं तोंड बंद. चिठ्ठी वाचल्यापासून मला एका जागी बसवत नाही, रागही येतो आहे, आणि तो तुझा नाही.

काल तानुआत्याला शेजारी उभं करून कोंडीतून नवी बाटली भरली. तिला तिथेच सगळं सांगितलं. तिने मोगरी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाली की सितारामला जाऊन आता सहा वर्षं झाली, त्याला कसं सांगावं. मला ठाऊक नव्हतं गं, काका गेल्याचं. तिथून मी दादाच्या ओसरीवर गेले, बाटली त्याच्यासमोर ठेवली आणि सांगितलं की यावर सही माझी असणार, आणि अक्काच्या हळदीचं पाणीही मीच इथूनच नेलं होतं. भगवानकाका खाटेवर पडून होते, आता त्यांना ऐकू कमी येतं. म्हणून मी ते दोनदा सांगितलं, मोठ्याने. दादा म्हणाला, “सही केलीस तर हा उंबरा तुला न्हाई, वच्छे.” मी माठातलं पाणी प्यायले, वरच्या विहिरीचं, आणि निघाले. अक्काला आज सकाळी पत्र टाकलं. राधाकिशनना हे पत्र पुरं झालं की सांगणार आहे. ते काय म्हणतील ते म्हणतील.

उद्या सकाळच्या गाडीने मी स्वतः परभणीला येते आहे. बाटली, फॉर्म आणि हे पत्र तुमच्या खिडकीतून आत देईन आणि बाहेर झाडाखाली थांबेन. मला आत बोलवायची सक्ती नाही. पावती शिपायाच्या हाती दिलीस तरी चालेल, फक्त रविवारच्या आत निकाल दे. भेटणारच आहे तर पत्र कशाला, तर त्याचं कारण एवढंच की तुझ्यासमोर तोंडाने बोलायची माझी वेळ एकदा येऊन गेली आणि तेव्हा मी खोटं बोलले. या वेळी लिहून आणते आहे, म्हणजे मला बदलता येणार नाही. माफी मागायला गेले तर पुन्हा माझंच सांगणं होईल. फॉर्मवर रकाना एकच आहे, म्हणून एक ओळ तिथे भरली आहे. दुसरी इथे भरते. ही तुझ्याकडे ठेव, सितारामकाकांच्या फोटोजवळ ठेव, गावात नेऊन चावडीवर वाचून दाखवायची असेल तर मला बोलाव, मी उभी राहीन.

दिनांक २९ मे १९९४. ठिकाण कोंडी. पाणी भरणारी: वच्छला.

वैशाख १९७८, कमलच्या हळदीचा दिवस. ठिकाण कोंडी. पाणी भरणारी: वच्छला. कस्तुरा म्हणाली होती, “वच्छे, हे नगं नेऊ, हळद लाल हुईल.”

तुझीच म्हणायचं की नाही ते तुझ्यावर सोपवून,
वच्छला